स्वमग्न मुले मोठी होतात तेव्हा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. दहावी उत्तीर्ण, वडिलांची बदली, गाव सोडले, असे काहीबाही त्यात लिहिले जाते. विशेष शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत बहुधा एकच कारण उरते : वय पूर्ण झाले. अपंग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क १९९५ च्या कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत दिला. २०१६ च्या कायद्यानेही सहा ते अठरा हीच मर्यादा ठेवली. अठराव्या वाढदिवशी मुलाच्या मेंदूत काही विशेष घडत नाही. जे घडते ते कागदावर. पण कालपर्यंत सकाळी डबा घेऊन शाळेच्या रिक्षात बसणारा मुलगा आज त्याच वेळी डबा घेऊन दारात उभा राहतो आणि रिक्षा येत नाही. ठरलेला क्रम मोडणे ज्याला सर्वांत जड जाते त्याला हे समजवायचे कसे, हे आता त्याच्या आईवडिलांनी पाहायचे.

स्वमग्न मुलांविषयी शिक्षकांसाठी मराठीत आता बरेच लिहिले जाते. लक्षणे कशी ओळखावीत, वर्गात कोठे बसवावे, चित्रांच्या मदतीने कसे शिकवावे, हे सारे उपयोगाचे आहे. स्वमग्न तरुणांविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अशा काही पालकांशी आम्ही बोललो तेव्हा त्यांचे प्रश्न शाळेचे नव्हतेच. मुलगा वीस-बावीस वर्षांचा, उंचीने बापाच्या वर गेलेला. आई पन्नाशी ओलांडलेली. तिचा प्रश्न एकच : आम्ही आहोत तोवर ठीक, पुढे याचे कोण बघणार? हा प्रश्न खानदेशातला आहे तसाच तो अमेरिकेतला आणि इंग्लंडमधलाही आहे, आणि त्याला जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे. तो चाळताना आमच्या लक्षात आले, की स्वमग्नतेचे विज्ञान जेथे जेथे पुढे सरकले तेथे बहुतेक वेळा कोणीतरी आई किंवा बाप उभा आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. 'ऑटिझम' हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९११ च्या सुमारास रूढ केला, तोही मुलांसाठी नव्हे, तर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील एका लक्षणासाठी. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून मराठीत 'स्वमग्नता' आले. शब्द सुटसुटीत आहे, रुळलाही आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो. पण त्यातून असा समज होतो, की हे मूल आपल्याच विचारांत रमले आहे आणि मनात आणील तर बाहेर येईल. तसे नाही. मेंदूची जडणघडणच सुरुवातीपासून वेगळी झालेली असते. दुसऱ्याचा चेहरा, आवाज, हावभाव यांतून आपण जे न शिकता ओळखतो ते या मुलांना आपोआप ओळखता येत नाही. त्याच त्या गोष्टी, तोच क्रम, तीच जागा यांचा आग्रह असतो. आवाज, उजेड, स्पर्श काहींना असह्य होतात, तर काहींना जाणवतही नाहीत. लग्नाच्या वरातीत डीजे सुरू झाला की कान दाबून पळत सुटणारा मुलगा हट्टी नसतो. त्याला तो आवाज खरोखरच दुखतो. काही स्वमग्न व्यक्ती उत्तम शिकतात, नोकरी करतात. काही आयुष्यभर बोलत नाहीत. या लेखात आम्ही मुख्यतः ज्यांना जन्मभर कोणाचा तरी आधार लागतो त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

तेहेतीस पानांचे पत्र

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांहूनही लहान. तेथील वकील बीमन ट्रिपलेट आणि त्यांच्या पत्नी मेरी यांना १९३३ साली मुलगा झाला. त्याचे नाव डोनाल्ड. एक वर्षाचा असताना तो गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणे. दोन वर्षांचा होईतो त्याने चर्चमधील प्रश्नोत्तरे पाठ केली होती. पण आई खोलीत आली किंवा गेली तरी त्याला त्याचे काही वाटत नसे. गोल वस्तू जमिनीवर फिरवण्यात त्याचे तासन्‌तास जात, आणि कोणी मध्ये आले की तो रागाने बेभान होई.

डॉक्टरांनी तेच सांगितले जे त्या काळी सगळीकडे सांगत : याला संस्थेत ठेवा. चार वर्षांचाही नसलेला डोनाल्ड १९३७ साली घरापासून दूर एका संस्थेत गेला. आईवडिलांना महिन्यातून दोनदा भेटण्याची परवानगी होती. तेथे तो आक्रसत गेला, एका जागी बसून राहू लागला. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी संस्थेच्या प्रमुखांचा सल्ला मोडून त्याला घरी आणले. मग वडिलांनी बॉल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पत्र लिहिले. टंकलिखित तेहेतीस पाने. मुलगा केव्हा काय बोलला, काय खातो, कशाने चिडतो, कोणते शब्द कोणत्या अर्थाने वापरतो, सारे तपशीलवार.

कॅनर यांनी १९३८ च्या ऑक्टोबरात डोनाल्डला प्रथम पाहिले. पुढच्या काही वर्षांत त्याच्यासारखी आणखी मुले त्यांच्याकडे आली आणि १९४३ साली त्यांनी अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. आठ मुलगे, तीन मुली. स्वमग्नता ही वेगळी अवस्था म्हणून वैद्यकशास्त्रात आली ती या निबंधातून, आणि त्यातला पहिला रुग्ण 'डोनाल्ड टी.' बराचसा उभा आहे तो त्या तेहेतीस पानांवर. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या पत्राचे विशेष वाटते. डॉक्टर मुलाला तास-दोन तास पाहतो. वडिलांनी पाच वर्षे पाहिले होते, आणि जे पाहिले ते कारणे न चिकटवता लिहून काढले होते. निरीक्षणाची वही कशी असावी हे विज्ञानाच्या तासाला सांगायचे असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दोष आईचा

निबंधाच्या शेवटी कॅनर यांनी लिहिले, की ही अवस्था जन्मजात दिसते. त्यावर ते ठाम राहिले असते तर पुढची वीस-पंचवीस वर्षे वाया गेली नसती. पण त्याच निबंधात त्यांनी असेही नोंदवले, की या मुलांचे आईवडील उच्चशिक्षित, पुस्तकी आणि फारसे प्रेमळ न दिसणारे आहेत. १९४९ साली तर त्यांनी या घरांना शीतकपाटाची उपमा दिली. तो काळ मनोविश्लेषणाचा होता. 'थंड आई' हे कारण म्हणून सर्वांनी उचलून धरले.

यातील चूक शोधणे हा वर्गात देण्याजोगा स्वाध्याय आहे. तीसच्या दशकातील मंदीत आपल्या मुलाला दूरवरच्या विख्यात तज्ज्ञाकडे नेणे कोणाला परवडत होते? शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांना. म्हणजे नमुनाच एकांगी होता. त्यातून निष्कर्ष काढला तो स्वमग्न मुलांच्या पालकांविषयी नव्हे, तर बॉल्टिमोरला पोहोचू शकणाऱ्या पालकांविषयी. दुसरी चूक कार्यकारणाच्या दिशेची. जे मूल हाकेला ओ देत नाही, कुशीत घेतले तर अंग ताठ करते, त्याची आई चार वर्षांनी बिचकलेली, थकलेली दिसली तर तो परिणाम मानायचा की कारण?

शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या कल्पनेला टोक आणले. स्वतः नाझी छळछावणीत राहिलेल्या या गृहस्थांनी स्वमग्न मुलाच्या स्थितीची तुलना तेथील कैद्यांशी केली आणि आपल्या संस्थेतून आईवडिलांना शक्य तितके दूर ठेवले. हजारो आयांनी हे वाचले आणि खरे मानले. आपल्याकडे ते पुस्तक फार कोणी वाचले नसेल, पण आईला दोष द्यायला पुस्तक लागत नाही. पोटात असताना ग्रहण पाळले नाही, आई नोकरीला जाते, घरात कोणी बोलायला नव्हते, लहानपणी मोबाइल हातात दिला, अशी कारणे जळगाव-धुळ्याकडच्या आयांनी आम्हाला सांगितली आहेत. म्हणजे त्यांना ती सांगितली गेली आहेत. मूल वीस वर्षांचे झाले तरी हा आरोप जुना होत नाही.

तो खोडून काढण्याचे काम दोन पालकांनी केले. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा मार्क १९५६ साली जन्मला. त्याच वर्षी लंडनमध्ये लोर्ना विंग या डॉक्टर बाईंना सूझी ही मुलगी झाली. दोन्ही मुले स्वमग्न. रिमलंड यांनी नोकरी सांभाळून मिळेल तेवढे संशोधन वाचून काढले आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवले, की थंड आईच्या सिद्धान्ताला पुरावाच नाही. त्याला प्रस्तावना लिहिली खुद्द कॅनर यांनी. पुढच्याच वर्षी रिमलंड आणि इतर पालकांनी राष्ट्रीय संघटना उभारली, आणि १९६९ साली तिच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघेही स्वमग्न होते. वेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत एकाही जोडीत तसे नव्हते. आकडे लहान आहेत, पण आई तर दोन्ही गटांत जुळ्यांना सारखीच होती. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे पुढच्या मोठ्या अभ्यासांनी पक्के केले.

रिमलंड यांचे पुढचे चरित्र मात्र इतके सरळ नाही. जीवनसत्त्वांचे भरमसाट डोस आणि लसीतील पारा यांवर त्यांनी जो विश्वास ठेवला त्याला पुराव्याचा आधार मिळाला नाही. मुलासाठी चाललेल्या शोधात बापाचा संशोधकावर ताबा बसतो, हेही समजण्यासारखे आहे. पण त्याची किंमत इतर पालकांनी मोजली. लसीमुळे स्वमग्नता होते असे सुचवणारा १९९८ सालचा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला, तरी ती भीती अजून गावोगाव फिरते.

लोर्ना विंग यांची वाट वेगळी. १९६२ साली लंडनमध्ये पालकांनी जी संघटना काढली तिच्या त्या संस्थापकांपैकी होत्या. १९७९ साली ज्युडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी कॅम्बरवेल भागातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दवाखान्यात आलेली मुले मोजायची नाहीत, एका भागातली सगळी मोजायची, हा त्यातला मुद्दा. मग दिसले, की ही अवस्था श्रीमंतांची नाही आणि तिला काटेकोर सीमाही नाही. सौम्यापासून तीव्रापर्यंत तिचा मोठा पट्टा आहे. आज आपण 'वर्णपट' हा शब्द वापरतो तो या कामामुळे.

याच लंडनमध्ये एका शिक्षिकेची गोष्ट घडली, ती आपल्या वाचकांना जवळची वाटावी. सिबिल एल्गर यांनी माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेऊन १९६२ साली आपल्या घराच्या तळघरात स्वमग्न मुलांसाठी वर्ग सुरू केला. पालकांच्या संघटनेने तो १९६५ साली शाळेत वाढवला. दहा वर्षांत मुले मोठी झाली आणि आपल्यासारखाच प्रश्न आला : आता हे जाणार कोठे? एल्गर बाईंनी शाळा सोडली आणि विद्यार्थ्यांबरोबर गेल्या. १९७४ साली सॉमरसेट परगण्यात स्वमग्न प्रौढांसाठी निवासी वसाहत सुरू झाली, बागकाम, स्वयंपाक, हातकाम यांच्याभोवती दिवस बांधलेली. अशी ती युरोपातली पहिली.

अठ्ठावीस वर्षांनी

कॅनर यांचे सर्वांत उपयोगी लिखाण आमच्या मते १९४३ चे नव्हे, १९७१ चे आहे. त्या वर्षी त्यांनी आपल्या अकरा मुलांचे पुढे काय झाले ते शोधून लिहिले. मुले आता तिशी-चाळिशीत होती. ज्यांना सरकारी मनोरुग्णालयांत वा तशा संस्थांत ठेवले गेले त्यांची स्थिती फार वाईट होती. लहानपणी दिसलेली स्मरणशक्ती, चाली, अक्षरओळख, सगळे तेथे विझले होते. तेथील प्रवेश म्हणजे जन्मठेप, असा त्यांचा सूर आहे. दोघे मात्र कमावते झाले होते, आणि त्यांपैकी एक डोनाल्ड.

डोनाल्डचे काय झाले? नऊ वर्षांचा असताना त्याला गावापासून जवळच एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. घर जवळ, आईवडिलांची ये-जा चालू. कॅनर तेथे गेले तेव्हा त्या जोडप्याची युक्ती पाहून थक्क झाले. मुलाला मोजमापाचे वेड होते, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजून सांगायला सांगितले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर नांगर हाती देऊन नांगरता नांगरता मोज म्हणाले. मेलेली पाखरे आणि किडे गोळा करी, तर अंगणात त्यांच्यासाठी दफनभूमी करून दिली आणि प्रत्येकावर नावाची पाटी लावायला लावली. गावच्या शाळेने त्याला त्याच्या विक्षिप्तपणासकट सामावून घेतले. १९५८ साली तो पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत, जी त्याच्या आजोळची होती, कामाला लागला. अकरांतला आणखी एक मुलगा, जो कधी बोललाच नाही, तोही शेतकरी कुटुंबात वाढला. शेतकरी वारल्यावर त्याच्या पत्नीने वृद्धांसाठी शुश्रूषागृह काढले. हा तेथे जेवणाची ताटे खोल्यांत पोचवी, अंथरुणे घाली.

त्या जोडप्याने कोणतीही उपचारपद्धती शिकलेली नव्हती. मुलाची सवय मोडायची नाही, तिला कामाला जुंपायचे, एवढे त्यांना सुचले. केळीच्या बागेत ठरावीक अंतराने लावलेल्या ओळी, ठिबकच्या नळ्या, फण्या धुऊन मापाप्रमाणे खोक्यात भरणे, सरकी आणि कापूस वेगळा करणे, म्हशींच्या धारांची ठरलेली वेळ : क्रम आणि मोजणी आवडणाऱ्या माणसाला खानदेशच्या शेतीत कामे नाहीत असे नाही. आमच्या ऐकण्यात असे तरुण आहेत जे रोज त्याच वेळी गोठा झाडतात आणि एक दिवस नाही झाडता आला तर अस्वस्थ होतात. पण हे गोड करून सांगण्यातही अर्थ नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, मजूर, यंत्रे आणि विजेची मोटर यांच्यामध्ये अशा तरुणावर एका माणसाचे लक्ष सतत लागते. काहींना किशोरवयात फिट्स सुरू होतात. मग विहिरीजवळचे काम बंद. कोणाला झोप नसते, तर कोणी घराबाहेर पडून चालत सुटतो. ते लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे आई.

कागदावर नसलेली माणसे

आता खानदेशाकडे कागदपत्रांच्या बाजूने पाहू. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे. त्या काळच्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे रकाने असत. न बोलणारा स्वमग्न तरुण यांतल्या कोणत्या रकान्यात गेला असेल ते प्रगणकाच्या मर्जीवर. १९३१ नंतर हे रकानेही गेले. १९८१ साली अपंगांची मोजणी परत आली ती पूर्ण आंधळे, पांगळे आणि मुके एवढ्यापुरती. २०११ च्या जनगणनेत 'मतिमंदता' आणि 'मनोरुग्णता' होत्या, स्वमग्नता नव्हती.

तेव्हा अंदाजच करावा लागतो. २०११ साली जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२.३ लाख आणि धुळ्याची २०.५ लाख, मिळून ६२.८ लाख. व्हिक्टर लॉटर यांनी १९६६ साली इंग्लंडमध्ये दर दहा हजार मुलांत साडेचार हे प्रमाण काढले होते. ते लावले तर दोन जिल्ह्यांत सुमारे २,८०० माणसे येतात. उत्तर गोव्यासह भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाण साधारण शंभरात एक निघाले. ते लावले तर ६२ हजारांच्या वर. दोन्ही प्रमाणे मुलांची आहेत, प्रौढांची नाहीत, म्हणून यांपैकी कोणताही आकडा खरा धरू नये. व्याख्या रुंदावली की संख्या कशी बदलते हे वर्गात दाखवायला ते पुरेसे आहेत. आणि लहान आकडा धरला तरी ही माणसे कोठेतरी आहेत, बहुधा घराच्या आतल्या खोलीत किंवा 'मतिमंद' या नावाखाली.

संस्थांचा इतिहास खानदेशापुरता छोटा आहे. सरकारी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. ठाण्याचे १९०१ सालचे. जळगावहून ते रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटर. धुळेकराला त्याआधी चाळीसगावला गाडी बदलावी लागे. घरच्यांनी मुलाला तेथे नेऊन टाकले नाही यात माया होती तसे अंतरही होते. कॅनर यांचा १९७१ चा निबंध वाचल्यावर त्या अंतराचे आम्हाला वाईट वाटत नाही. एकत्र कुटुंब, मोठा वाडा, शेत, चुलत भावंडे, या सगळ्यांनी मिळून अशा माणसाला सांभाळले. कोणी त्याला भोळा म्हटले, कोणी वेडा. मारहाणही झाली, साखळदंडही दिसले. आता वाडे वाटले गेले, भावंडे पुणे, नाशिक, सुरतेला गेली, आणि सांभाळणारे दोघेच उरले.

कायद्याची कथा आणखी निराळी. १८७५ च्या कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान. तिच्या वतीने आईवडिलांना सही करता येत नाही, मग ती व्यक्ती स्वतःचे नाव सांगू शकत नसली तरी. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्याने 'लूनॅटिक' या एकाच शब्दात बुद्धीने अपुऱ्या माणसालाही कोंबले होते. निदान जिल्हा न्यायालयात जाऊन पालक नेमून घेता येई. त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि १९९३ पासून लागू झाला. त्याने मतिमंदता मनोरुग्णतेपासून वेगळी केली, ते शास्त्राला धरून होते. पण पालक नेमण्याची वाटही त्याबरोबर बंद झाली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार मोजले, त्यांत स्वमग्नता नव्हतीच.

स्वमग्नतेचे नाव भारतीय कायद्यात आले ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि त्यामागे पुन्हा पालकच होते. दिल्लीत मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ साली 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली होती. अशा पालक-संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीतून स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी हा न्यास झाला. त्यात जिल्हा पातळीवर तिघांची समिती असते : जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अठरा वर्षांवरील मुलाचे कायदेशीर पालकत्व ही समिती देते. आईवडिलांनी जिवंतपणीच अर्ज करावा आणि आपल्यानंतर कोण, याचीही तजवीज करून ठेवावी, हे आम्ही जळगाव-धुळ्याच्या पालकांना सांगतो तेव्हा अनेकांना आपल्याच मुलाचे पालक होण्यासाठी अर्ज करायचा हेच पटत नाही. त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. २०१६ च्या कायद्याने प्रकार सातांवरून एकवीस केले आणि स्वमग्नता त्यांत आली. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. सत्तरच्या खाली गुण असतील तर स्वमग्नता नाही, १५३ च्या वर तीव्र. तिची अनेक उत्तरे मुलाबरोबर राहणाऱ्या माणसाकडून मिळतात.

राहण्याच्या जागा महाराष्ट्रात पालकांनीच आधी काढल्या. मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीसाठी १९४४ साली घरात शाळा सुरू केली. मुलीला डाउन सिंड्रोम होता. माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनी बदलापूरला 'आधार' उभारले, प्रौढ मुलांना जन्मभर राहता यावे म्हणून. पुढे त्याचे केंद्र नाशिकलाही झाले. जळगावात केशवस्मृती समूहाचे 'आश्रय माझे घर' अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे. हे सारे मुख्यतः बौद्धिक अक्षमतेसाठी उभे राहिले. गोंगाट न सोसणाऱ्या, ताटातला भात वरणाला लागलेला न चालणाऱ्या स्वमग्न तरुणाला मोठ्या सभागृहातले जीवन कितपत मानवेल, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. त्याला काय चालते, काय नाही, हे तेथे कोणी सांगायचे?

येथे शिक्षकांचे एक काम आहे असे आम्हाला वाटते. अशा मुलाच्या पालकांना, ते लिहिणारे नसतील तर त्यांच्याशेजारी बसून, एक वही करून द्यावी. मुलगा कोणत्या हाकेला वळतो. पोट दुखते तेव्हा काय करतो, कारण तो सांगणार नाही. कोणते औषध, किती वाजता, कशात कालवून. कोणत्या आवाजाने बिथरतो आणि मग कोठे नेऊन बसवले की शांत होतो. कोणते काम न सांगता करतो. तपशील तारखेसह लिहावा, आणि 'हट्टी', 'रागीट' असे शेरे टाळून जे घडले ते लिहावे. प्रमाणपत्राच्या वेळी, समितीपुढे, उद्या एखाद्या संस्थेत किंवा पुण्याच्या भावाकडे जायची वेळ आली तेव्हा हीच वही त्याच्या वतीने बोलेल.

डोनाल्ड ट्रिपलेट फॉरेस्टमध्येच राहिले. सत्ताविसाव्या वर्षी मोटार शिकले, गोल्फ खेळू लागले, एकट्याने देशोदेशी हिंडून आले. वडील १९८० साली गेले, आई १९८५ साली. त्यांनी मुलाच्या खर्चासाठी विश्वस्त निधी करून ठेवला होता. डोनाल्ड आईवडिलांच्याच घरात राहत आणि गावच्याच बँकेत जात. शेजारी, चर्चमधले लोक आणि बँकेतले सहकारी यांना त्यांच्या सवयी पाठ होत्या. २०२३ च्या जूनमध्ये, नव्वदीला थोडेच कमी असताना, त्यांचे निधन झाले. आईच्या पश्चात ते अडतीस वर्षे जगले.